सगला बरा हाय

मामूंच्या चाळिसाव्याला आम्ही मुंबईला गेलो होतो. परत निघताना मामींनी माझ्या हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. आत सात फ्लॉपी होत्या. प्रत्येकीवर मामूंच्या अक्षरात उर्दूत ‘दुबई’ असे लिहिलेले आणि खाली साल. मामी म्हणाल्या, “तुज्या अब्बाचे खत हायत म्हनायचे. मना काय कलत नाय. तू शिकलेली हायस, तू बग.”

अब्बांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्यांच्या हातची कागदावरची पत्रे आमच्याकडे फारशी नाहीत. अब्बा दुबईला एका कंपनीत स्टोअरकीपर होते आणि १९९६ नंतर त्यांनी कागदाची पत्रे जवळजवळ थांबवलीच होती. मामू मुंबईत एका छोट्या कचेरीत संगणकावर काम करीत. अब्बांनी तिकडून मेल करायचा, मामूंनी तो वाचायचा आणि दर पंधरवड्याला एसटीने गावी येऊन अम्मीला सांगायचा, असा सिलसिला होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मामू ओसरीवर बसून चहा पितात, अम्मी दाराआड उभी राहून विचारते आणि मामू म्हणतात, “सगला बरा हाय.” हे चित्र मला अजून दिसते.

डबा घरी आणला, पण वाचणार कशावर? फ्लॉपीची खाच असलेला संगणक आता कुठे दिसत नाही. मुंब्र्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला जोडायची एक फ्लॉपी ड्राइव्ह शोधून पाठवली. सातांपैकी दोन फ्लॉपी उघडल्याच नाहीत. ड्राइव्ह घरघर करी, थांबे, पुन्हा घरघर करी आणि शेवटी वाचता येत नाही असा संदेश येई. उरलेल्या पाच वाचल्या गेल्या. एका फ्लॉपीत मावतो १.४४ मेगाबाइट मजकूर. आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात बसायचा नाही. पण नुसती अक्षरे असली की तेवढ्या जागेत माणसाची काही वर्षे राहतात.

फाइलींची नावे होती ‘सेव्ड-मेसेजेस’, ‘सेंट-मेल’, आणि पुढे महिना व साल. मी साध्या नोटपॅडमध्ये एक उघडली. पत्र कुठे सुरू होते आणि कुठे संपते तेच कळेना. प्रत्येक पत्राआधी दहा-पंधरा ओळींचा यंत्राचा बडबडाट, मग दोन ओळी माणसाच्या, पुन्हा बडबडाट. मला वाटले, फाइल खराब झाली.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पॉलिटेक्निकला शिकतो. त्याला दाखवले. तो म्हणाला, “मॅडम, फाइल चांगली आहे. फक्त ज्या चष्म्यातून ती बघायची, तो चष्मा तुमच्याकडे नाही.” मग त्याने मला टर्मिनल एम्युलेटर हा शब्द सांगितला. दोन संध्याकाळी त्याने मदत केली, पुढचे मी स्वतः केले. ते कसे केले आणि त्यातून काय हाती लागले, एवढेच मला इथे लिहायचे आहे.

पूर्वी मोठा संगणक एका खोलीत असे आणि त्याला लांबून जोडलेली ‘टर्मिनल्स’ असत. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कळफलक; स्वतःचे डोके जवळजवळ नाहीच. तुम्ही कळ दाबायची, अक्षर मोठ्या यंत्राकडे जायचे, त्याने परत पाठवले की पडद्यावर उमटायचे. यांतले सर्वांत नावाजलेले टर्मिनल म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हीटी-१००. ते १९७८ साली आले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि एका ओळीत ८० अक्षरांची जागा. ही ८०ची संख्या आणखी जुनी. आयबीएम कंपनीने १९२८ साली काढलेल्या भोकांच्या कार्डावर ८० रकाने होते, तेच पुढे पडद्यावर आले. टर्मिनलचे ते जड खोके आता गेले, पण त्याची सवय लागलेले प्रोग्राम राहिले. म्हणून आपल्या संगणकावर एक खिडकी उघडते आणि ती त्या प्रोग्रामांना सांगते, ‘मीच तुमचे व्हीटी-१००.’ ही नक्कल करणारी खिडकी म्हणजे टर्मिनल एम्युलेटर.

बी.एड.ला आमचे मायक्रो-टीचिंग असे. सहा मिनिटांचा पाठ आणि समोर खरी मुले नाहीत. आमच्याच मैत्रिणी सातवीच्या मुली होऊन बसायच्या. पाठ घेणारीने त्यांना खरोखरच सातवीच्या समजून शिकवायचे. त्या खोट्या वर्गातून आम्ही खरे शिकवायला शिकलो. एम्युलेटरचे मला तसेच वाटले.

मामूंच्या काळी हे सगळे फोनच्या तारेवरून चाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. सुरुवातीला दोन तऱ्हेची खाती होती. महाग खात्यावर चित्रे दिसत, स्वस्त खात्यावर नुसती अक्षरे. मामूंच्या कचेरीचे खाते अक्षरांचे होते. मोडेम किंचाळून जोडला गेला की त्यांच्या संगणकावर टर्मिनलची नक्कल सुरू व्हायची आणि त्यात ‘पाइन’ नावाचा मेल वाचायचा प्रोग्राम. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ पासून तो तयार होत गेला. २००७ साली त्याचा वारस ‘अल्पाइन’ आला. मामूंनी जे पाहिले ते पाहायचे असेल तर मला अल्पाइन हवे होते.

भावाने सोडून दिलेल्या एका जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स घातले. अल्पाइन बसवायला एक ओळ पुरली. फ्लॉपीतल्या फाइली ‘मेल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. खरा वेळ गेला खिडकी नीट बसवण्यात. बॅकस्पेस दाबले तर अक्षर पुसण्याऐवजी टोपी आणि प्रश्नचिन्ह उमटे. खिडकी आणि आतला प्रोग्राम यांचे ‘पुसणे’ म्हणजे कोणता संकेत यावर एकमत नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन ते करून द्यावे लागले. खिडकी मी मोजून ८० बाय २४ ठेवली, कारण तिची रुंदी बदलली की जुन्या पत्रांच्या ओळी वेड्यावाकड्या तुटत. अक्षर मोठे केले, कारण अम्मीला शेजारी बसायचे होते. काळ्या पडद्यावर पांढरे अक्षर तिच्या डोळ्यांना टोचायला लागले, म्हणून फिकट पिवळ्यावर काळे केले, जुन्या कागदासारखे.

मग मी अल्पाइन उघडले. अक्षरांचा एक साधा तक्ता आला. खाली दोन ओळींत कोणती कळ कशासाठी ते लिहिलेले. एल दाबले, फाइलींची यादी आली. एक निवडली. आणि जो मजकूर कालपर्यंत कचरा वाटत होता तो ओळीने उभा राहिला: क्रमांक, तारीख, अब्बांचे नाव, विषय. विषयाच्या जागी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच शब्द, ‘सलाम’.

पहिले पत्र मी अम्मीला मोठ्याने वाचून दाखवले. सगळे रोमन लिपीत होते. दुसरा इलाजच नव्हता. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ॲस्की या संकेतात १२८ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राचे काही इशारे बसले. अलिफला जागा नव्हती आणि ‘अ’लाही नव्हती. अब्बांच्या कंपनीतल्या एका केरळी कारकुनाने त्यांना टाइप करायला शिकवले होते. अब्बांनी इंग्रजीची ती सव्वीस अक्षरे घेतली आणि जे तोंडात होते ते त्यांत बसवले.

मी उर्दूची शिक्षिका. मोबाइलवर रोमनमध्ये उर्दू लिहिणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे रागावत आलेली. पडद्यावरचे चार शब्द मी वाचले आणि वाचताना आपोआप उर्दू केले. तिथे होते एस-ए-जी-एल-ए, बी-ए-आर-ए, एच-ए-आय. मी वाचले, “सगला बडा है.” रोमनमध्ये ‘ड़’साठी मुले आर लिहितात, एच-ए-आय म्हणजे ‘है’ हे तर ठरलेलेच. पहिला शब्द काय ते मला कळेना. अम्मी हसली. म्हणाली, “बडा नाय गो. सगला बरा हाय. तुजा बाप बोलतो तसा वाच ना.”

मी थांबले. आमच्या घरात आम्ही कोकणी मुसलमानांची बोली बोलतो. शाळेत उर्दू, कचेरीत मराठी, आणि चुलीपाशी ही. ती आम्ही कधी लिहीत नाही. मीही आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. उर्दू शाळेने सांगितले, ही शुद्ध उर्दू नाही. मराठी पुस्तकाने सांगितले, ही शुद्ध मराठी नाही. आम्ही दोघांचेही ऐकले. आणि अब्बांनी, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने, दुबईच्या गुदामात जेवणाच्या सुट्टीत बसून ती लिहिली होती. तीही अशा लिपीत, जिच्यात शुद्धलेखन तपासायला कुणी मास्तर नव्हता.

त्यानंतर रोज इशाच्या नमाजनंतर आम्ही दोघी दोन-तीन पत्रे वाचायचो. मी अक्षरे उच्चारायची, अम्मीने शब्द करायचे. ‘मना’, ‘कवा’, ‘पावस’, ‘घराकरं’. एकच शब्द अब्बा तीन तऱ्हांनी लिहीत. मला अडे, अम्मीला अडत नसे. ज्या बाईला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, तीच माझ्यापेक्षा नीट वाचत होती.

मग माझ्या मनात आले की ही पत्रे अम्मीला स्वतः वाचता यायला हवीत. ती उर्दू वाचते. मी ती उर्दूत उतरवून भावालाही मेलने पाठवायचे ठरवले. अल्पाइनमध्येच सी दाबून नवा मेल सुरू केला आणि उर्दू कळफलकावर पहिला शब्द लिहिला, ‘सलाम’. पडद्यावर सीन, लाम, अलिफ, मीम हे चारही हरफ सुटे सुटे उमटले आणि डावीकडून उजवीकडे. उर्दू वाचणाऱ्याने उजवीकडून सुरुवात केली की ‘सलाम’ उलटा, ‘मालस’. अम्मीने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “हे काय, हरफांचा भांडण झाला?”

भांडण हरफांचे नव्हते, चौकटीचे होते. टर्मिनल म्हणजे ८० बाय २४ सारख्या घरांचा तक्ता. एका घरात एक अक्षर, क्रम डावीकडून. इंग्रजीला हे सोपे. आपली उर्दू उजवीकडून चालते, आणि तिचे हरफ शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतात: शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. देवनागरीचेही तिथे फार बरे होत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर टाइप होते आणि दिसायची असते आधी, जोडाक्षरे फुटतात. नस्तालिक तर त्या घरात मावणारच नाही. तिचे शब्द वरून खाली उतरत येतात. म्हणून तर छपाईच्या यंत्राला ती कितीतरी काळ वश झाली नाही आणि उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातून लिहून निघत राहिली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालिक आली आणि लाहोरचे ‘जंग’ संगणकावर जुळवून छापले जाऊ लागले. त्यासाठी हजारो जोडशब्दांची चित्रे आधी हाताने लिहून काढावी लागली होती.

अक्षरांना जागा मिळण्याचा प्रश्न तसा सुटलेला आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात अरबी हरफही होते आणि देवनागरीही. पुढल्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत काढली, जिने जुनी इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी राहिली आणि बाकीच्या लिप्याही त्याच धाग्यात आल्या. माझ्या मेलमध्ये सीन, लाम, अलिफ, मीम अगदी बरोबर क्रमाने साठवलेले होते. चूक फक्त दाखवणाऱ्या खिडकीत होती. म्हणून खिडकी बदलली. ‘एमएलटर्म’ नावाचा एक एम्युलेटर आहे. त्याच्या नावातले एमएल म्हणजे बहुभाषी. तो उजवीकडून चालणारी लिपी ओळखतो आणि अरबी हरफ जोडतो. तो बसवला, अक्षरसंकेत यूटीएफ-८ आहे याची खात्री केली, दोन-तीन फाँट पाहिले. एकात ‘टे’ आणि ‘डाल’ यांच्या जागी रिकामे चौकोन येत होते, तो सोडला. पुन्हा ‘सलाम’ लिहिले. या वेळी चारही हरफ हात धरून उजवीकडून आले.

नस्तालिक नव्हती ती, नस्ख होती. जरा ताठ, जरा रुक्ष. मला हळहळ वाटली. अम्मी मात्र झुकून सरळ वाचायला लागली. म्हणाली, “कुराण शरीफसारखे हरफ हायत.” रोज फजरनंतर जी तिलावत करते तिला नस्ख कशी परकी वाटेल? मी नस्तालिकच्या सौंदर्यासाठी झुरत होते आणि अम्मीच्या डोळ्यांना दुसरीच सवय होती.

त्या रात्री मी सहा पत्रे उर्दूत उतरवली. दुसऱ्या दिवशी अम्मीने ती वाचली आणि काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, “चांगला लिवलास. पन हे तुज्या अब्बाचा बोलना नाय.” मी परत पाहिले. जिथे अब्बांनी ‘सगला बरा हाय’ लिहिले होते तिथे मी ‘सब ख़ैरियत है’ लिहिले होते. ‘मना याद येते’ याचे मी ‘याद सताती है’ केले होते. मी भाषांतर करते आहे हे माझ्या लक्षातही आले नव्हते. हात आपोआप शाळेच्या वहीसारखा चालला होता. यंत्राने हरफ उलटे लावले तर मी तासभर त्याच्याशी भांडले, आणि बाप जे बोलला होता ते मी स्वतः बदलले तर मला पत्ताही नाही.

मी ती सहा पत्रे पुसली आणि नव्याने लिहायला बसले. बोली जशीच्या तशी, फक्त हरफ उर्दूचे. उर्दूत ‘ळ’ नाही म्हणून मी आधी घाबरले होते. मग लक्षात आले, आमच्या घरच्या बोलीतही तो नाही. आम्ही ‘सगला’ म्हणतो, ‘घड्याल’ म्हणतो.

अशा तऱ्हेने आम्ही १९९८च्या ऑगस्टपर्यंत आलो. तिथे एक पत्र होते ज्याचा अर्थ मला लागेना. त्यात एक ओळ इंग्रजीत होती, ‘फ्रॉम जुलै नो सॅलरी’, आणि तिच्या आधी कोनाचे चिन्ह होते. मेलमध्ये कोन म्हणजे दुसऱ्याचे बोलणे. उत्तर देताना समोरच्याच्या ओळी असे कोन लावून खाली येतात. मी समजले, मामूंनी आधीच्या पत्रात लिहिले असेल की जुलैपासून पगार नाही, आणि अब्बांनी ती ओळ उद्धृत केली आहे. मी अम्मीला सांगितले, “मामूंचा पगार थांबला होता वाटते.” अम्मी काही बोलली नाही.

पण मला चैन पडेना. मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याने विचारले, “मॅडम, कोनानंतर एक जागा मोकळी आहे का?” मी पाहिले. बाकीच्या उद्धृत ओळींत कोनानंतर जागा होती. इथे कोन आणि ‘फ्रॉम’ चिकटलेले. तो म्हणाला, “मग तो कोन माणसाने लावलेला नाही, यंत्राने लावलेला आहे.” कारण असे की या जुन्या पद्धतीत सगळी पत्रे एकाच लांब फाइलीत एकाखाली एक ठेवतात, आणि नवे पत्र सुरू झाले हे ओळखायची खूण म्हणजे ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ. पत्राच्या पोटातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर यंत्राचा घोटाळा होईल, म्हणून ते तिच्यापुढे एक कोन ठोकून ठेवते.

म्हणजे ती ओळ अब्बांची स्वतःची होती.

मी एच दाबून पत्राचे पूर्ण शीर्षक उघडले. ज्याला मी आधी बडबडाट म्हटले होते तेच. अब्बांची बाकी पत्रे दुपारी एक-दीडच्या सुमाराची असत, वेळेपुढे +०४०० असा आकडा. ती दुबईची घडी, आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे जुहर आणि जेवणाची सुट्टी. शुक्रवारचे पत्र कधीच नसे, कारण तिथे तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची आणि संगणक कंपनीचा होता. हे पत्र २८ ऑगस्ट १९९८चे, शुक्रवार, रात्री अकरानंतरचे. पत्ताही कंपनीचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा. पुढे बोलीत चार ओळी होत्या. कंपनीचे काम बसले आहे. देऱ्याला एका दोस्ताच्या खोलीवर आहे. आणि शेवटी, ‘तुज्या बैनीला सांगू नको.’

मामूंचे उत्तर दुसऱ्या फाइलीत, सप्टेंबरच्या ‘सेंट-मेल’मध्ये सापडले. दोनच वाक्ये. ‘दुल्हेभाई, पैसे घरा पोचले. तुमी पाठवला म्हणून सांगितला.’ तशीच ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात. डिसेंबरात, रमजान लागायच्या आधी, अब्बांना दुसरीकडे काम मिळाले आणि पत्रे पुन्हा दुपारी दीडची झाली. त्या चार महिन्यांत मी चौथीत होते आणि माझी फी, वह्या, ईदचा जोडा, काहीच अडले नव्हते.

हे अम्मीला वाचून दाखवावे की नाही यावर मी दोन दिवस काढले. ज्यांनी तिच्यापासून लपवले ते दोघेही आता नव्हते. ‘सांगू नको’ हा त्यांचा शब्द मी मोडावा का? आणि न वाचता पुढे गेले तर मीही त्याच रांगेत बसणार होते, अम्मीला वाचवणाऱ्यांच्या. शेवटी मी ते पत्र तिच्यासमोर उघडले आणि एकही शब्द न बदलता वाचले.

अम्मीने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “मना माहीत व्हता.”

मी विचारले, “कसा?”

“दुबईचा पैसा ड्राफ्टान यायचा. बँकेत टाकून वाट बगायला लागायची. त्या चार महिन्यांत तुजा मामू रोख नोटा घेऊन आला. नि त्याच्या हातातला घड्याल नव्हता. तुज्या अब्बानीच दिलेला घड्याल.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“दोगे मना वाचवत व्हते. मी बोलले असते तर त्यांच्याकरं काय रावला असता?”

एवढे बोलून ती वजू करायला उठली. मी पडद्याकडे पाहत बसले. सव्वीस वर्षांहून अधिक काळ एक बाई हे मनात ठेवून होती. तिला यातले काहीही यंत्राकडून कळायचे नव्हते. तरी त्या संध्याकाळी तिने जे ऐकले ते नवे होते. तिला बातमी माहीत होती, आवाज माहीत नव्हता. ‘तुज्या बैनीला सांगू नको’ हे अब्बांनी कोणत्या शब्दांत म्हटले ते तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मी ते ‘अपनी बहन को मत बताना’ असे करून दिले असते तर तेही तिला मिळाले नसते.

पाचही फ्लॉपींच्या नकला आता भावाकडे आणि माझ्याकडे आहेत. उर्दू हरफांत उतरवलेली पत्रे छापून अम्मीच्या उशाशी ठेवली आहेत. हा लेख मात्र देवनागरीत लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी अशीच एक बोली असेल जी दोन्ही शाळांनी बाहेर ठेवली. तुमच्या घरातही कुठल्या तरी डब्यात, जुन्या मोबाइलमध्ये, आखातातून आलेल्या चार ओळी रोमनमध्ये पडलेल्या असतील. त्या उतरवताना शुद्ध करू नका, एवढीच विनंती.

गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीने मोबाइलवर लिहिलेला निरोप दाखवला, रोमनमध्ये. सवयीने मी रागवायला तोंड उघडले. मग म्हटले, “आधी मोठ्याने वाच. घरी जसे बोलतात तसे वाच.”